लढाऊ विमानांचे गुण कसे काढावेत: वेगाचा आकडा बाजूला ठेवा, आधी दम मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९६५ च्या भारत-पाकिस्तान हवाई लढाईवर हेक्सच्या, म्हणजे षटकोनी घरांच्या, पटावरचा खेळ तुम्ही करताय. नॅट, हंटर, सेबर आणि स्टारफायटर अशी चार विमानं घेतलीत. सर्वोच्च वेग, चढण्याचा दर, पंखभार (पंखाच्या दर चौरस मीटरवर येणारं वजन) आणि इंजिनाचा जोर यांना १ ते १० गुण दिलेत, सरासरी काढलीत, आणि आता स्टारफायटर सगळ्यांना हरवतोय, अगदी वळणाच्या झटापटीत नॅटलासुद्धा. कोणत्या आकड्याला किती भार द्यावा म्हणजे खेळ खरा वाटेल, असं तुम्ही विचारलंय.

भार बदलून हे सुटणार नाही. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि गेली वीसेक वर्षं असे खेळ बनवतोय. माझ्या पहिल्या खेळात हीच चूक होती आणि ती सापडायला मला दोन उन्हाळी सुट्ट्या लागल्या. मल्लाची उंची, छाती, वजन आणि शंभर मीटर धावण्याची वेळ यांची सरासरी काढून कुस्ती कोण मारेल हे सांगता येत नाही. विमानाचंही तसंच आहे. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जातो हे खरं, पण ते उंचावर, सरळ रेषेत, आफ्टरबर्नर (इंजिनामागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) लावून आणि इंधन भराभर जाळून. झटापट सुरू झाली की सगळी विमानं ध्वनीवेगाच्या बरीच खाली येतात. त्या वेगाला विमान काय करू शकतं हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या चार आकड्यांत थेट कुठेच नाही. ते काढावं लागतं.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. खेळणारा माणूस प्रत्येक चालीला कोणते निर्णय घेतो? वळू की सरळ जाऊ, वळलो तर किती घट्ट, वर चढू की वेग वाढवू, आता गोळी झाडू की थांबू. जितके निर्णय, तितकेच गुण सोंगटीवर हवेत. सर्वोच्च वेग हा निर्णय फक्त पळून जाताना येतो, म्हणून तो कोपऱ्यात लहान आकड्यात छापायचा.

यात बरंच काही तुमच्या खेळाच्या घडणीवर अवलंबून आहे, ते आधी मोकळेपणाने सांगतो. एका खेळाडूच्या हाती एक-दोन विमानं असतील तर खालचा हिशोब पूर्ण कामाला येईल. एकाच्या हाती आठ-दहा विमानं असतील तर एवढा तपशील खेळ बुडवेल, तेव्हा वळण आणि दम (विमानाजवळची शिल्लक शक्ती) असे दोनच गुण ठेवा. लढाई जमिनीलगत की ६ किलोमीटरवर, यानेही आकडे बदलतात. मी इथे जमिनीलगतची लढाई धरतोय.

आता वजन. आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत वायुसेनेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते पहिल्यांदा रविवारच्या डावाला आले तेव्हा सोंगटी हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “सर, हे वजन कधीचं? उडतानाचं की भिडतानाचं?” मी पुस्तकातलं कमाल उड्डाणवजन घातलं होतं, बाहेरच्या टाक्यांसकट. ऊस भरून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर आणि रिकामा परतणारा ट्रॅक्टर एकच असतो, पण अंकलीच्या पुलाच्या चढाला कोणता मागे पडतो हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. विमान भिडायच्या आधी बाहेरच्या टाक्या टाकून देतं आणि आतलं काही इंधन जाळलेलं असतं. मी नेहमी टाक्यांशिवायचं वजन घेतो आणि शक्य असेल तिथे आतलं इंधन निम्मं धरतो. महत्त्वाचं हे की सगळ्या विमानांना एकच नियम लावायचा. एकाचं भरलेलं आणि दुसऱ्याचं निम्मं वजन घेतलंत तर पुढचा सगळा हिशोब वाया. खाली सोपेपणासाठी मी दोघांचंही टाक्यांशिवायचं भरलेलं वजन घेतोय, गोल आकड्यांत.

सेबर, म्हणजे एफ-८६एफ, सुमारे ६९०० किलो आणि पंख २९.१ चौरस मीटर. नॅट सुमारे ३००० किलो आणि पंख १२.७ चौरस मीटर. भागाकार करा. सेबरचा पंखभार २३७ किलो प्रति चौरस मीटर, नॅटचा २३६. म्हणजे बरोबरीच! हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा तीनदा तपासला होता. ‘नॅट लहान म्हणून चपळ’ असं आपण ऐकत आलोय, पण नुसत्या पंखाकडे पाहिलं तर दोघांत फरक नाही. फरक कुठे आहे ते इंजिन सांगतं. नॅटचं ऑर्फियस इंजिन साधारण २१३० किलोचा जोर देतं, म्हणजे वजनाच्या ०.७१ पट. सेबरचं जे-४७ साधारण २६८० किलो, वजनाच्या ०.३९ पट. जवळजवळ दुपटीचा फरक.

यातून वळणाचे दोन वेगळे गुण निघतात, आणि तुमच्या खेळातली गाठ नेमकी इथे आहे. एक झटक्याचं वळण: या क्षणी, वेग गमावून का होईना, नाक किती लवकर फिरवता येईल. दुसरं टिकणारं वळण: वेग आणि उंची न गमावता किती फिरत राहता येईल. पहिलं पंख ठरवतो, दुसरं पंख आणि इंजिन मिळून. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांच्या मुलखात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या मिनिटात पट काढणारा मल्ल वेगळा आणि विसाव्या मिनिटाला अजून उभा असणारा वेगळा. म्हणून माझ्या सगळ्या सोंगट्यांवर ‘डाव’ आणि ‘दम’ असे दोन गुण असतात.

आधी डाव. विमान सरळ उडताना ज्या किमान वेगाला पंख वजन पेलतो, तो स्टॉलचा वेग. वळताना पंखाला वजनाच्या कित्येक पट भार पेलावा लागतो, तो आपण जी मध्ये मोजतो. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हिशोब अगदी सोपा होतो: स्टॉलच्या दुप्पट वेगाला ४ जी, तिप्पट वेगाला ९ जी. ७ जी हवे असतील तर ७ चं वर्गमूळ, म्हणजे २.६५ पट वेग. माणसाची आणि सांगाड्याची मर्यादा म्हणून मी ७ जी धरतो. २३७ पंखभाराला जमिनीलगत, उचलीचा गुणांक (पंख किती उचल काढतो त्याचं माप) १ धरून, स्टॉल ताशी २२० किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे ७ जी ताशी ५८५ ला. हा त्या विमानाचा सोन्याचा वेग. यापेक्षा हळू गेलात तर ७ जी मिळत नाहीत, आणि वेगात गेलात तर ७ जी असूनही घेरा मोठा होतो. या वेगाला वळणाची त्रिज्या साधारण ३९० मीटर येते.

आता स्टारफायटर. पंख फक्त १८.२ चौरस मीटर आणि लढाईतलं वजन ८ टनांच्या वर, म्हणजे पंखभार साडेचारशेच्या आसपास. बाकी सगळं सारखं धरलं तर त्याला ७ जी मिळायला ताशी ८०० लागतात आणि तेव्हा त्रिज्या ७४० मीटर. सेबर ताशी ५८५ ला ७ जी ओढत असताना त्याच वेगाला स्टारफायटरला जेमतेम साडेतीन जी मिळतात. तुमच्या सरासरीत पंखभाराचा कमी गुण सर्वोच्च वेगाच्या १० गुणांखाली दडपला जात होता. सरासरी काढणं बंद केलंत की पटावर हा फरक आपोआप दिसेल.

एक इशारा. सेबरचे पंख एका जातीचे नव्हते. काहींच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्लॅट, होत्या, काहींना स्लॅट काढून रुंद केलेला पंख होता, आणि एफ-८६एफच्या -४० जातीला लांब केलेली टोकं आणि स्लॅट दोन्ही. २९.१ चौरस मीटर हे -४० चं माप आहे. स्लॅटमुळे कमी वेगाला उचल जास्त मिळते, म्हणून ताशी ५०० च्या खाली मी त्या सेबरला डावाचा एक गुण जास्त देतो. हळू वेगाच्या कुस्तीत नॅटने त्याच्याशी उतरू नये हे त्यामुळे खेळणाऱ्याला न सांगता कळतं.

आता दम, यात माझा जीव जास्त रमतो. अमेरिकन हवाई दलातले जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांनी १९६० च्या दशकात ही गोष्ट पक्की मांडली. इंजिनाच्या जोरातून हवेचा अडथळा वजा करा, वेगाने गुणा आणि वजनाने भागा. उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं. या घडीला विमानाजवळ किती शिल्लक शक्ती आहे ते हा आकडा सांगतो. ती शिल्लक चढण्यात घाला, वेग वाढवण्यात घाला, नाहीतर वळणात उधळा. पैसा एकच, दुकानं तीन.

आणि यातली मोठी सोय म्हणजे पुस्तकात छापलेला चढण्याचा दर हाच सरळ उडतानाचा दम असतो. नॅटचा जमिनीलगतचा दर मिनिटाला सुमारे २० हजार फूट, म्हणजे सेकंदाला १०० मीटर. सेबरचा सुमारे ९ हजार, म्हणजे ४५ मीटर. तुम्ही या आकड्याला नुसता दहापैकी एक गुण देऊन सोडून दिलंत. खरं तर त्यातून टिकणारं वळणसुद्धा काढता येतं.

ते असं. सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० हा वेग घ्या. नॅटचा १०० मीटरचा दम भागिले २०० म्हणजे ०.५. याचा अर्थ सरळ उडताना त्याच्याकडे वजनाच्या निम्मा जोर शिल्लक आहे. सेबरकडे ४५ भागिले २००, म्हणजे ०.२२५. चढण्याचा सर्वोत्तम दर नेमका याच वेगाला मिळतो असं नाही, पण एवढ्या ढोबळपणाने खेळाचं काही बिघडत नाही. वळायला लागलं की उचल निर्माण करण्याचा अडथळा जी च्या वर्गाने वाढतो आणि ही शिल्लक खातो. किती खातो ते पंखभारावर आणि पंखाच्या लांबोडेपणावर, म्हणजे पंखाच्या पसाऱ्याचा वर्ग भागिले क्षेत्रफळ यावर ठरतं. सेबरचा पसारा ११.९ मीटर, लांबोडेपणा ४.९. नॅटचा पसारा ६.७ मीटर, लांबोडेपणा ३.६. या वेगाला जमिनीलगत सेबरचा खर्च माझ्या हिशोबाने ०.००७८ गुणिले (जी चा वर्ग वजा १), नॅटचा ०.०१०५ गुणिले तेच. म्हणजे प्रत्येक जी नॅटला एक तृतीयांशाने महाग पडतो! आखूड पंखाची ती किंमत आहे. पण त्याच्या खिशात दुपटीहून जास्त आहे. शिल्लक आणि खर्च बरोबरीला आणले की सेबर साधारण साडेपाच जी टिकवतो आणि नॅट सातच्या जवळ जातो. सेकंदाला अनुक्रमे १५ आणि १९ अंश. जास्त उचलीला अडथळा याहून वेगाने वाढतो, म्हणून हे आकडे वरच्या बाजूचे आहेत. पण दोघांतलं अंतर विश्वासाचं आहे आणि खेळाला अंतरच लागतं.

हाच हिशोब स्टारफायटरला लावा. त्याचा लांबोडेपणा जेमतेम २.४ आणि पंखभार दुपटीच्या आसपास. या वेगाला प्रत्येक जी ची किंमत सेबरच्या जवळजवळ चौपट येते. इंजिन दांडगं असलं तरी वळणात ते पाण्यासारखं वाहून जातं. म्हणून त्याने यावं, एकदा मारावं आणि निघून जावं. तुमच्या पटावर त्याने तसंच वागायला हवं, आणि आकडे बरोबर असतील तर तो वागेल.

आतापर्यंतचं एकदा मनात बसवा: पंखावरून डाव, चढण्याच्या दरावरून दम, आणि दोन्ही मिळून टिकणारं वळण. आता हे पटावर उतरवायचं.

इथे घराचा आकार आणि चालीचा वेळ ठरवावा लागतो, आणि हा निर्णय वरच्या सगळ्या गणिताइतकाच मोठा आहे. २०० मीटर प्रति सेकंद वेगाने ६० अंश वळायला, म्हणजे हेक्सची एक बाजू बदलायला, सेबरला साधारण ८०० मीटर जावं लागतं आणि नॅटला ६२०. तुम्ही ४०० मीटरचं घर घेतलंत तर सेबरला २ घरं आणि नॅटला १.५५, म्हणजे पूर्णांकात पुन्हा २. दोघं सारखेच! इतका हिशोब करून फरक गोलाईत गेला. २०० मीटरचं घर घ्या: सेबर ४, नॅट ३. फरक दिसला. चाल ५ सेकंदांची ठेवली तर वेगाची एक पायरी ४० मीटर प्रति सेकंद होते, म्हणजे २०० मीटरचा वेग पायरी ५, एका चालीला ५ घरं. हाताळायला सोपं. आधी घर ठरवून मग गुण बसवू नका. कोणता फरक तुम्हाला पटावर दिसायला हवा ते ठरवा आणि तो टिकेल एवढं लहान घर निवडा. उलट, दोन विमानांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर त्यांना एकच आकडा द्या. छापील आकड्यांमध्येच तेवढी चूक असते, आणि जुनं इंजिन नव्याइतका जोर देत नाही.

उंचीची पायरी १०० मीटरची ठेवा. मग ५ सेकंदांत नॅटला दमाचे ५ गुण मिळतात, सेबरला २. एक गुण म्हणजे एक पायरी वर. वेग आणि उंची यांचा विनिमय दर ऊर्जेच्या हिशोबाने येतो: वेग ५ वरून ४ वर आणला तर ७३० मीटर उंची मिळते, म्हणजे ७ गुण. ४ वरून ३ ला ६ गुण, ६ वरून ५ ला ९. हा दर पटाच्या कडेला छापून टाका. टिकणाऱ्या वळणाला दमाची मिळकत शून्य. झटक्याचं ७ जी चं वळण घेतलं तर पायरी ४ ला सेबरला एका चालीचे ३ गुण मोजावे लागतात, नॅटला २, आणि बदल्यात दर २ घरांमागे एक बाजू फिरता येतं. सेबरने अशा दोन चाली केल्या की ६ गुण गेले, म्हणजे वेगाची एक पूर्ण पायरी. तो वळतो, मारतो, आणि मग हळू झालेला सापडतो. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा टेबलाभोवतीची पोरं गप्प झाली होती, कारण नियमात ‘सेबर थकतो’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

उंचीचं एकच सांगतो. महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीच्या ८७ टक्के असते, ६ किलोमीटरवर साधारण ५४ टक्के. हवा विरळ होते तसा स्टॉलचा खरा वेग त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि इंजिनाचा जोरही पडतो. म्हणून खालचा, मधला, वरचा असे तीन थर करा आणि प्रत्येक थरासाठी सोंगटीवर वेगळी ओळ द्या. मधलं काही नको.

कोलांटीच्या, म्हणजे लांबीच्या अक्षाभोवती गिरकी घेण्याच्या, वेगासाठी ‘चपळ’ आणि ‘जड’ असे दोन प्रकार पुरतात.

शस्त्रांचा गुण मात्र घाईने देऊ नका. नॅटला दोन ३० मिलिमीटरच्या एडन तोफा, प्रत्येकी ११५ गोळे. सेबरला सहा अर्ध्या इंची मशीनगन, प्रत्येकी ३०० च्या आसपास गोळ्या. दोन्हींच्या प्रत्येक नळीचा मारा सेकंदाला साधारण २० फैरींचा धरला तर नॅट ६ सेकंदांत रिकामा होतो, सेबर १५ सेकंद मारत राहतो. सेकंदाला फेकलेलं वजन पाहिलं तर नॅट सुमारे ९ किलो, सेबर साडेपाच किलोच्या आत. म्हणून नॅटला जबर मारा पण झाडण्याच्या फक्त दोन-तीन संधी, सेबरला हलका मारा पण सहा-सात. शिवाय नॅटच्या तोफा अडकण्याची अडचण प्रसिद्ध आहे, त्यासाठी फाशावर १ पडला तर तोफ बंद असा नियम ठेवा. नॅट हाती असलेला खेळाडू मग घाईने गोळी वाया घालवत नाही, जवळ जाईपर्यंत थांबतो. गुणाने माणसाचं वागणं बदललं की तो गुण बरोबर बसला असं मी समजतो.

दिसण्याचा गुण बहुतेक जण विसरतात. नॅटचा पसारा सेबरच्या निम्म्याहून थोडाच जास्त आहे. तेवढाच लहान दिसण्यासाठी सेबरला जेवढं दूर जावं लागेल त्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्त अंतरावर नॅट आधीच तेवढा लहान दिसतो. हवाई लढाईत पडलेल्या पुष्कळ वैमानिकांना मारणारा आधी दिसलाच नव्हता. तेव्हा नॅट दिसण्याचं अंतर सेबरच्या सहा दशांश ठेवा. माझ्या पटावर वळणाच्या एका गुणापेक्षा याने जास्त डाव फिरवलेत.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ होती, की किती विमानं पाडली त्या आकड्यांवरून गुण दुरुस्त करावेत का. कळकळीने सांगतो, करू नका. एक तर दोन्ही बाजूंचे दावे जुळत नाहीत. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व सीमेवरच्या बोयऱ्यावर चार नॅट सेबरवर तुटून पडले, तिथेही आपण तीन सेबर पाडले म्हणतो आणि पाकिस्तान दोन मानतो. दुसरं म्हणजे ते सेबर जमिनीवर मारा करण्यात गुंतलेले होते आणि आपल्या नॅटना रडारवरून वाट दाखवली जात होती. तिथे जिंकवलं ते जागेने आणि वेळेने. तो निकाल विमानाच्या गुणात मिसळलात तर पुढे खेळाडूने कितीही चांगली जागा मिळवली तरी त्याचं श्रेय सोंगटीला जाईल. उलट १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों यांनी एकट्याच्या नॅटने सेबरच्या सहा जणांच्या तुकडीला तोंड दिलं आणि ते तिथेच पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. तो प्रसंग पटावर मांडताना मी नॅटचा एकही गुण वाढवलेला नाही. वैमानिकाचा गुण वेगळ्या पत्त्यावर ठेवा, जागा आणि सावधपणा प्रसंगाच्या मांडणीत ठेवा, आणि विमानाला फक्त विमानाचं द्या. तसं केलंत तरच सेखोंनी काय केलं ते खेळणाऱ्या पोराला कळतं.

चाचणीचे डाव खेळताना बाजू बदलत राहा. तीच दोन माणसं, दहा डाव इकडून, दहा तिकडून. आणि २० पैकी १३ डाव एका विमानाने जिंकले म्हणून लगेच आकडे बदलू नका. अगदी समान विमानांतही २० डावांत दोन-तीनचा चढउतार नुसत्या फाशाने होतो. मी जिंकण्या-हरण्याकडे कमी आणि डाव कसा गेला याकडे जास्त बघतो. स्टारफायटर वळायला लागला की हरतो का? सेबर खाली आणि हळू आला की नॅटला जड जातो का? नॅट वर चढून निसटू शकतो का? या तिन्हींना हो असेल तर आकडे राहू द्या.

हंटर मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो तुम्हाला अडवेल. पंखभार २५० च्या आसपास, जोर वजनाच्या ०.५५ पट, चढण्याचा दर मिनिटाला सुमारे १७ हजार फूट, म्हणजे दमाचे ४ गुण. चार एडन तोफा, म्हणजे नॅटच्या दुप्पट मारा. पण टिकणाऱ्या वळणाला एका बाजूसाठी ७१० मीटर येतात, म्हणजे साडेतीन घरं. ३ दिले तर तो नॅटसारखा होतो, ४ दिले तर सेबरसारखा, आणि तो दोन्हींसारखा नव्हता. मी असं केलंय: रॉकेटं किंवा टाक्या लादून जमिनीवरच्या हल्ल्याला निघालेल्या हंटरला ४, आणि ते सगळं टाकून मोकळा झालेल्या हंटरला एकदा ४, पुढच्या वळणाला ३, असं आलटून पालटून. सोंगटीवर ‘४/३’ छापतो. पोरं पहिल्या डावात गोंधळतात, दुसऱ्यापासून कुणी विचारत नाही.